हौदाची गळती आणि माझी टाळाटाळ



आमच्या न्यू जर्सीच्या घरामागे पोहण्याचा एक हौद आहे. जमिनीत खोदलेला नाही. जमिनीवरच पत्र्याची गोल भिंत उभी करून आत प्लास्टिकचं अस्तर घातलंय. 18 फूट व्यास, 4 फूट खोली. घर घेतलं तेव्हा घराबरोबरच तो पदरात पडला, आणि तेव्हाही जुनाच होता. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा काठावर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "पाणी भरपूर आहे गं. गाळता कशानं?"

मी कौतुकानं स्किमर दाखवला. हौदाच्या भिंतीला पाण्याच्या पातळीवर चौकोनी तोंड कापलेलं असतं आणि बाहेरून त्याला एक डबा जोडलेला असतो. पंप चालू झाला की वरचं पाणी त्या डब्यात ओढलं जातं, पाचोळा आत बसवलेल्या टोपलीत अडकतो, पाणी फिल्टरमधून परत हौदात येतं. आक्कांनी टोपली उचलून पाहिली. दोन भुंगे, एक मधमाशी, एक कोळी आणि मेपलची पानं. "हं, गाळणं झालं. आणि जिवाणी?"

तुम्हाला जिवाणी म्हणजे काय ते सांगायला नको. माझी आजी दुहेरी कापडातून पाणी गाळायची आणि कापडावरचे जीव, त्यांना धक्का लागू नये म्हणून, बादली पार पाण्यापर्यंत सोडून त्याच विहिरीत परत ठेवायची. आमची टोपली मात्र कचऱ्याच्या डब्यात रिकामी व्हायची. त्या दिवसापासून हा हौद माझ्या मनात सलत होता.

म्हणून जूनमध्ये पाणी उतरू लागलं तेव्हा, खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं.

आधी वाटलं, उन्हानं आटत असेल. मग बादलीची परीक्षा केली. हौदाच्याच पाण्यानं बादली भरून शिडीच्या पायरीवर ठेवायची, बादलीतली आणि हौदातली पातळी खडूनं आखायची आणि चोवीस तासांनी बघायचं. आटण्यानं दोन्हीकडे सारखंच पाणी कमी होतं. आमच्या हौदात बादलीपेक्षा पुरा इंचभर जास्त उतरलं होतं. 18 फुटांच्या हौदात इंचभर पाणी म्हणजे सुमारे 600 लिटर. गावाकडच्या पंधरा लिटरच्या घागरीनं मोजलं तर रोजच्या चाळीस घागरी.

आणि मी काय केलं? रोज संध्याकाळी नळी लावून हौद भरत राहिले. "या शनिवारी बघू," असं तीन शनिवार म्हटलं. मनात हिशेब असा, की फारच गळायला लागला की ह्यांनाच कंटाळा येईल, हौद मोडीत निघेल आणि पापातून माझी सुटका होईल. एकवीस दिवसांत साडेबारा हजार लिटर पाणी जमिनीत गेलं. अपकायिक जीवांची एवढी विराधना, आणि ती जीवदयेच्या नावाखाली! पाठशाळेत मुलांना मीच शिकवते की हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो. माझा प्रमाद रोज संध्याकाळी नळी धरून उभा होता.

डोळे उघडले ते अण्णांमुळे. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. जमिनीवर दहा पावलं टाकली की बसावं लागतं, पण छातीभर पाण्यात ते वीस मिनिटं चालतात. एका सकाळी पंचा घेऊन आले, पाणी उतरलेलं पाहिलं आणि काही न बोलता परत फिरले. तक्रार केली असती तर मी वाद तरी घातला असता.

त्याच दुपारी पंप बंद करून गळती शोधायला बसले. बर्फीसाठी आणलेल्या केशरी रंगाचे दोन थेंब पाण्यात, स्किमरच्या तोंडाच्या चौकटीपाशी सोडले. रंग तिथेच तरंगला असता तर प्रश्न नव्हता, पण चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तो दोऱ्यासारखा ओढला गेला. मग भरणं थांबवलं. पाणी त्या कोपऱ्यापर्यंत उतरलं आणि थांबलं, म्हणजे खालचं अस्तर शाबूत होतं. दुरुस्तीसाठी पाणी तोंडाच्या आणखी थोडं खाली लागतं. तेवढं बागेला घातलं, पण आधी बरेच दिवस क्लोरीन टाकणं बंद ठेवून.

नवीन स्किमर मागवताना घाई केली आणि रुंद तोंडाचा आला. तोंडाची लांबी-रुंदी आणि स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजूनच मागवा, नाहीतर माझ्यासारखं परत पाठवायला पोस्टात जावं लागेल.

काम आम्ही रविवारी भर उन्हात केलं, कारण थंडीत जुनं अस्तर ताठ होतं आणि चिरतं. पंपाची नळी सोडण्याआधी पाणी परत येण्याच्या तोंडाला बूच मारलं. हे विसरलं तर त्या वाटेनं हौद पंपापाशी रिकामा होतो. चौकट काढली. गॅस्केट, म्हणजे मधली रबरी पट्टी, दगडासारखी कडक झाली होती आणि त्याच कोपऱ्यात तडकली होती. इतक्याशा तड्यानं एवढं पाणी! पत्र्याच्या कापलेल्या कडेला गंज होता. तो घासून, गंजरोधक रंग देऊन पूर्ण वाळू दिला. तेवढ्यात अस्तर किंचित आक्रसलं आणि भोकं जुळेनात. ह्यांनी ओढायला हात घातला तशी मी ओरडलेच. हेअर ड्रायरची ऊब दिली, हळूहळू ते जागेवर आलं. नवी गॅस्केट्स, नवा डबा, आतून चौकट. सगळे स्क्रू आधी हातानं सैल लावले, मग समोरासमोरचे जोडीजोडीनं आवळले. मशीननं आवळले तर प्लास्टिक तडकतं. नळीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. मुलगी टॉर्च धरून भिंतीला डोळा लावून बसली होती. पाणी चढत गेलं, तिचा कोपरा कोरडाच राहिला. दुसऱ्या दिवशी बादली आणि हौद, दोन्हींच्या रेघा सारख्या उतरल्या होत्या.

हौद राहिला, म्हणजे माझा प्रश्नही राहिला. आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही हे मला माहीत आहे, पण ते वाक्य मी फार सोयीनं वापरते असं आक्कांचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. क्लोरीनबद्दल तर माझ्याकडे आजही उत्तर नाही. जे हातात होतं ते बदललं. रात्री हौदावरचा दिवा लावत नाही, कारण किडे त्याच्याकडेच येतात. पंप रात्री चालत नाही. बेडूक आणि किड्यांना चढून बाहेर पडता यावं म्हणून काठाला एक तरंगती उतरण बांधली आहे. आणि टोपली कचऱ्यात जात नाही.

ते काम आक्कांनी घेतलं. सकाळी पंप सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर त्या टोपली काढून लिंबोणीच्या कुंडीपाशी नेतात, मऊ पिसानं एकेक पान बाजूला करतात. काल एक भुंगा बराच वेळ पाठीवर पडून होता. त्यांनी त्याला पानावर घेऊन उन्हात ठेवला आणि णमोकार म्हणत बसल्या. इकडे अण्णांच्या फेऱ्या चालल्या होत्या. "चौदा झाल्या गं," त्यांनी पाण्यातून सांगितलं. आक्कांनी हातानंच त्यांना गप्प बसवलं. भुंग्याचा एक पाय हलला होता.