खुराड्यातील उतरंड

कोंबडी हा पक्षी आपल्या साहित्यात उपेक्षितच राहिला आहे. राघू-मैना, मोर, कोकिळा, इतकेच काय पण चिमणी-कावळ्यांनीही गाण्यांत आणि गोष्टींत आपापली जागा मिळवली. कोंबडीच्या वाट्याला आला तो रस्सा. परंतु ज्याच्या परड्यात चार कोंबड्या आहेत, त्याला ठाऊक असते की त्या खुराड्यात एक अख्खे गाव नांदत असते. त्या गावाला पाटील असतो, मानकरी असतात आणि वेशीपाशी अंग चोरून उभे राहणारेही असतात.

आमच्या परड्यात सात जवारी कोंबड्या होत्या. सकाळी कणी टाकली की पहिली चोच कुणाची, हे ठरलेले. काळपट रंगाची, उंच तुऱ्याची एक थोराड कोंबडी पुढे येई आणि बाकीच्या पाऊलभर मागे सरत. आई तिला 'पाटलीण' म्हणते. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अव्वा तिला 'गौडती' म्हणतात. भाषा बदलली तरी मान बदलत नाही! पाटलीण कुणालाही टोचू शके. तिला कुणी टोचत नसे. दुसरी पाटलिणीखेरीज सगळ्यांना टोचे. असे उतरत उतरत सातवीपर्यंत. सातवी सगळ्यांचे खाई आणि कुणालाच काही करू शकत नसे. आपल्या घरांत मडक्यांची उतरंड असते, तिच्यात सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि वरच्यांचा भार पेलते. खुराड्यातली उतरंड मात्र उलटी. इथे भार सर्वांत लहान जिवावर.

हे सारे नीट टिपून ठेवले ते थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचे वेड. कोण कुणाला टोचते याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे करीत राहिला आणि १९२२ साली त्याने आपला निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. इंग्रजीत रूढ झालेला 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द, जो आज कचेऱ्यांतल्या माणसांनाही लावला जातो, त्याचे मूळ या कोंबड्यांत आहे. ही उतरंड नेहमी सरळच असते असे नाही, हेही त्याने पाहिले. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीलाच! कोंबड्या एकमेकींना तुऱ्यावरून आणि चेहऱ्यावरून ओळखतात. एकदा क्रम ठरला की नुसती मान उंचावली तरी पुरते. चोच चालवावी लागत नाही. म्हणजे ही उतरंड भांडणासाठी नसून भांडण मिटवण्यासाठी असते. खरी पंचाईत होते ती नवी कोंबडी आली की. तिला घर नाही, ओळख नाही आणि क्रमही नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना शेजाऱ्यांची धारवाडला बदली झाली. तिथे फ्लॅट, कोंबड्या नेणार कुठे? त्यांच्या दोन तांबड्या कोंबड्या आणि एक पांढरी तलंग आमच्याकडे आली. मानमोडीसारखा रोग बाहेरून येऊ नये म्हणून आधी तीन आठवडे त्यांना परड्याच्या दुसऱ्या टोकाला निराळे ठेवले. नंतर आठवडाभर मध्ये जाळी. एकमेकींना पाहायचे, पण टोचायचे नाही. मग एका रात्री तिघींना उचलून खुराड्यातल्या दांडीवर बसवले. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे रात्री ती तंटा करीत नाही. तिघींना एकदमच सोडायचे, हा आईचा आग्रह. ती म्हणाली, "एकटीला कधी सोडायची नाही बघ. दोघी-तिघी असल्या की मार वाटून जातो."

मार वाटून जातो! मानसशास्त्राच्या पुस्तकात पानभर मजकुराने सांगितले असते, ते आईने तीन शब्दांत सांगितले.

सकाळी अपेक्षेप्रमाणे जुंपली. छातीला छाती भिडली, पिसे उडाली, पण रक्त निघाले नाही. अशा वेळी मध्ये पडू नये. मध्ये पडले की निकाल लांबतो आणि तंटाही. चार दिवसांत दोन्ही तांबड्यांना मधली जागा मिळाली. पांढरी मात्र मागे राहिली. ती कणीजवळ आली की हाकलली जाई, पाण्यावर गेली की हाकलली जाई. दिवसभर ती सरपणाच्या ढिगावर बसून राही. एके दिवशी तिच्या मानेमागे लाल जखम दिसली. हे लक्षण वाईट. लाल दिसले की सगळ्याच कोंबड्या तिथेच टोचू लागतात आणि मग जीव वाचणे कठीण.

जखमेला औषध लावून मी तिला वेगळी काढली आणि दिवसभर खुराड्यावर नजर ठेवली. तिला टोचणारी पाटलीण नव्हतीच! पाटलिणीने तिची दखलसुद्धा घेतली नव्हती. टोचत होती ती आमची जुनी सातवी. जिने वर्षभर सगळ्यांचे खाल्ले, तिला आता पायाखाली एक पायरी मिळाली होती आणि ती पायरी तिला सोडवत नव्हती. बळी तो कान पिळी असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा कान पिळणारा स्वतः काल-परवापर्यंत पिळला गेलेला असतो.

जखम भरल्यावर पांढरीला डालग्याखाली ठेवावे, असे मी बोलत होतो. कुंपणापलीकडून अव्वा म्हणाल्या, "मास्तर, मारणारीला डाला की ओ. मार खाणारीला कशाला डालताय?"

त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले. पांढरी कळपात राहिली आणि सातवीला चार दिवस डालग्याखाली, परड्याच्या कोपऱ्यात ठेवले. दाणा-पाणी वेळेवर, शिक्षा म्हणून नव्हे, केवळ जागा हलवली. ती परतली तेव्हा तिचा तोरा उतरला होता. आता तीच काहीशी नवी होती. दरम्यान कणी दोन ठिकाणी टाकू लागलो, पाण्याचे दुसरे भांडे ठेवले आणि एक दांडी वाढवली, कारण बसायला प्रत्येकीला वीतभर तरी जागा हवी. शेपू-मेथीच्या जुड्या उंचावर टांगल्या. चोचीला काम मिळाले की ती दुसरीच्या पिसांकडे कमी वळते. एक फळी भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे पळणारीला आडोसा मिळतो आणि दुसऱ्या बाजूने निघताही येते. दाटी, उपासमार आणि रिकामेपण यांतूनच बहुतेक टोचाटोची वाढते.

दरवर्षी जूनमध्ये खेड्यांतली मुले सातवी आटोपून आमच्या हायस्कुलात आठवीला येतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाची मराठी रानातली. पहिल्याच तासाला वर्ग त्यांच्या बोलीला हसतो. मग महिन्याभरात एखादे पालक दारात उभे राहतात, "सर, आमच्या पोराला तेवढी तुकडी बदलून द्या." माणसाचे पोर म्हणजे कोंबडी नव्हे, हे मलाही कळते. पोराशी बोलता येते, त्याला समजावता येते आणि त्याचा क्रम आपण जन्माचा मानत नाही. तरी यंदा मी एका पालकांना सांगितले, "तुमचा मुलगा आपल्याच बाकावर बसेल. जागा दुसऱ्याची हलेल." ज्याची जागा हलवली, त्याच्याशीही निवांत बसून बोललो. गेल्या वर्षी तो कुणाचा मार खात होता, हे तेव्हा समजले. आता एका गावची दोन मुले एकाच तुकडीत घालायची, असेही आम्ही ठरवले आहे. मार वाटून जातो, तसा धीरही वाटून घेता येतो.

पांढरी आजही दहांत दहावीच आहे. तिला पाटलीण करणे माझ्या हाती नाही आणि तसा माझा हट्टही नाही. पण दुसऱ्या ढिगातली कणी ती पोटभर खाते. तिचा तुरा लाल झाला आहे आणि दिवाळीच्या आधीपासून ती अंडी घालू लागली आहे. उतरंड राहणारच असेल तर राहो. तळाशी असणाऱ्याचे पोट भरावे आणि त्याच्या मानेवर जखम नसावी, एवढे पाहणे मात्र खुराडे राखणाऱ्याचे काम आहे.