चाकावरची खोली

मुंबईतून गावाकडं परतलेली माणसं काय घेऊन आली, असं विचारलं तर कुणी ट्रंक दाखवील, कुणी भिंतीवरचं घड्याळ. मी दोन गोष्टी आणल्या. एक, लालबागच्या खोलीत राहायची सवय आणि दुसरा, वेल्डिंगचा हात. या दोन्हींतून तयार झालेला एक गाडा आज माझ्या उसाच्या बांधावर उभा आहे. सात फूट लांब, चार फूट रुंद, वर पत्रा, खाली दोन चाकं. ट्रॅक्टरला जोडायचा आणि पाहिजे त्या रानात न्यायचा. गावातली पोरं त्याला ‘चाकावरची खोली’ म्हणतात.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, लालबागला राहून गिरणीत साचे चालवायचे. दहावी झाल्यावर १९७७ साली मीही त्यांच्याकडं गेलो. खोली दहा बाय बाराची आणि राहणारे आम्ही नऊ गाववाले. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून भागायचं. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच वाकळेवर आडवा व्हायचा. भिंतीला बिजागरीवर एक फळी होती. पाहिजे तेव्हा पाडायची, जेवण झालं की वर लावायची. ट्रंका पोटमाळ्यावर, कपडे दोरीवर. एका जागेनं दोन कामं केलीच पाहिजेत, हे तिथं कळलं.

गिरणीत मला बदलीचंही काम मिळालं नाही. मग लालबागातच एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात हाताखाली लागलो. वर्षभर खिडक्यांच्या जाळ्या, जिने, आणि गणपती जवळ आले की मंडळांच्या ट्रॉल्या. लोक मूर्तीला हात जोडतात, खालच्या गाड्याकडं कुणाचं लक्ष नसतं. पण एवढी मोठी मूर्ती गल्लीतून निघून भायखळा, ऑपेरा हाऊस करत गिरगाव चौपाटीला सुखरूप पोचते, ती त्या गाड्यावरच. डांबरावर काही त्रास नाही. खरी परीक्षा वाळूत. अरुंद चाक वाळूत बसलं की शंभर माणसांनी रेटलं तरी हलत नाही. मग फळ्या टाका, दोर लावा, ‘मोरया’ म्हणत ओढा. आमचे वस्ताद म्हणायचे, “चाक रुंद ठेव, ओझं खाली ठेव. बाकीचं देव बघतो.”

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास माणसं घरी बसली. आण्णा गावी आले ते अर्धं सामान खोलीतच ठेवून. महिन्या-दोन महिन्यांत भोंगा वाजेल, असं त्यांना वाटायचं. त्यांच्यासाठी तो पुन्हा वाजला नाही. पुढच्या वर्षी मीही आलो आणि शेतीला लागलो.

रात्रपाळीनं मात्र इथंही पिच्छा सोडला नाही. मोटारीला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कुकडीच्या पाण्यानं आमच्याकडं ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. मादी उसातच पिलं घालते. रात्री बाराला बॅटरी आणि काठी घेऊन दारं मोडायला जाणाऱ्याच्या घरात कुणाला झोप लागत नाही. भावकीतल्या एकाला बांधावर झोपलेला असताना घोणस चावली. वाचला, पण बरेच दिवस पाय टेकवता आला नाही. त्याला बघून आलो आणि गाडा करायला घेतला.

आस जुन्या जीपचा, भंगारातला. जीपला पाटे आसाच्या खाली असतात, मी ते वर बसवले. त्यामुळं गाडा पाचेक इंच उचलला गेला, सरीवरंब्यातून घासत नाही. उंची वाढली म्हणून बॅटरी आणि पाण्याचा कॅन तळाला, आसाच्या जरा पुढं ठेवले. बैलगाडी हाकलेल्याला हे सांगावं लागत नाही. ओझं मागं गेलं की गाडी उलाळ होते, जास्त पुढं आलं की बैलांच्या मानेवर बसते. ट्रॅक्टरच्या हुकाचंही तेच. बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवरून आणली. टायर रुंद घेतले, चिखल असला की हवा २८ वरून १८ वर आणतो. आत एक बाक, त्याखाली ट्रंक, भिंतीला बिजागरीची फळी, खिडकीला जाळी. दाराला कडी आतून.

माझा पुतण्या परळला एका टॉवरमध्ये राहतो. टॉवर गिरणीच्याच जागेवर उभा आहे. तो जीप घेऊन मित्रांबरोबर सह्याद्रीत फिरतो. गाडा बघून म्हणाला, “काका, मलाही असाच करून द्या. मागं शेगडी, वर तंबू.” म्हटलं, करू की. पण माझा रानातच फिरतो. तुझा रस्त्यावर जाणार, तर आधी आरटीओत नोंदणीचं विचारून ये. हौसेला नाव ठेवायचं कारण नाही. उघड्यावर झोपायला त्याला पैसे मोजावे लागतात, आम्हाला ते फुकट मिळतं आणि नको असतं.

आता रात्रीच्या पाण्याला मंडळीही बरोबर येतात. मी दारं मोडतो, ती आत दिवा लावून बसते, मध्येच हाक मारते. भावकीतले दोघं मापं घेऊन गेलेत. एकाला दीड फूट जास्त लांब पाहिजे, त्याची दोन पोरं बरोबर असतात. त्याला सांगितलंय, लांबी वाढव, पण आसही तेवढ्या हिशोबानं मागं सरकव.