केलेले जाणणे

मराठी घरांत आभार मानण्याची चाल नाही. पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या सुनेचे किंवा रात्री पाय चेपणाऱ्या मुलाचे कोणी आभार मानू लागले, तर ते दुराव्याचे लक्षण समजले जाते. आभार परक्यांचे मानावयाचे, तेही बहुधा सभेच्या अखेरीस, लोक उठू लागलेले असताना. त्या शब्दातच भार आहे. आणि ‘उतराई होणे’ या आपल्या प्रयोगात तो भार एकदाचा खाली ठेवण्याची घाई आहे, असे मला नेहमी वाटत आले. त्या मानाने ‘कृतज्ञता’ हा शब्द अधिक कठीण. केलेले जाणणे, एवढेच तो मागतो. तिरुक्कुरळच्या 11व्या अधिकाराचे शीर्षकही ‘केलेले भले जाणणे’ याच अर्थाचे आहे. उपकाराचा विचार करताना संस्कृत आणि तमिळ या दोघींनी ज्ञानाच्या क्रियापदाकडे वळावे, ही गोष्ट मी वर्गात कौतुकाने सांगत असे. 2023च्या पावसाळ्यापर्यंत ती माझ्यासाठी वर्गापुरतीच होती.

त्या वर्षी आई नांदेडहून माझ्याकडे हैदराबादला राहावयास आली आणि फुप्फुसाच्या विकाराने अतिदक्षता विभागात दाखल झाली. 14 दिवस ती कृत्रिम श्वसनयंत्रावर होती. आम्हांला सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा तास आत सोडीत. उरलेला सारा काळ ती ज्यांच्या स्वाधीन होती, त्यांत केरळची एक तरुण परिचारिका होती. बहुतेक रात्री तिची पाळी असे.

श्वासनलिकेत घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. त्यामुळे रोगी शुद्धीवर असला तरी बोलू शकत नाही. त्यात गुंगीची औषधे, ज्वर, अखंड जळणारे दिवे आणि यंत्रांचे गजर. दिवस कोणता, रात्र कोणती, याचे भान सुटते; कित्येकांना भयंकर भास होतात. म्हणून वार आणि वेळ रोग्याला पुनःपुन्हा सांगावी लागते. दुसऱ्याच दिवशी सिस्टरने मला हिंदीत विचारले, “मॅडम, अम्मा घरी कोणती भाषा बोलतात?” आणि एका कागदावर मल्याळी लिपीत तिने मराठी वाक्ये उतरवून घेतली. दुखतंय का? आता कूस वळवते हं, आई. आज बुधवार आहे, बाहेर पाऊस पडतोय. ‘ळ’चा उच्चार तिला सांगावा लागला नाही, तो तिच्या भाषेत आहेच. आमच्या विभागातील पुष्कळ हिंदीभाषी विद्वानांना मात्र तो आजही साधत नाही. असो.

स्कँडिनेव्हियन देशांत 1980च्या दशकापासून अशा विभागांतील परिचारिका बेशुद्ध रोग्यासाठी रोजनिशी लिहीत आल्या आहेत. आज तुम्हांला ताप होता, आज तुमची मुलगी येऊन गेली, असे रोग्यालाच उद्देशून. बरा झालेला मनुष्य ती वाचून आपले हरवलेले दिवस जुळवितो. आत्मचरित्राच्या कोणत्याच व्याख्येत हा प्रकार बसत नाही, कारण जगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. आमच्या सिस्टरने अशी रोजनिशी लिहिली नाही, आणि लिहिली असती तरी ती वाचावयास आई उरली नाही. चौदाव्या रात्री, भेटीची वेळ नसताना, तिने आम्हां दोघांना आत बोलावले, गजराचा आवाज कमी केला आणि खुर्च्या आणून ठेवल्या. पहाटे आई गेली.

महिन्याभराने मी सिस्टरला पत्र लिहावयाचे ठरविले, तेव्हा दादा म्हणाला, “आई गेली. आता आभार कसले मानतेस?” त्याचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. रोगी बरा झाला की घरचे पेढे घेऊन जातात. फळ हाती आले की आभार सुचतात. आमच्या हाती काय आले होते?

विम्याच्या कामासाठी रुग्णालयातून कागदपत्रांच्या नकला आणल्या होत्या. त्यांत परिचारिकांच्या तासातासाच्या नोंदी होत्या. संहिता वाचणे हा माझा व्यवसाय. त्या दोन रात्री मी त्याच वाचल्या. दर 2 तासांनी कूस बदलली. नळीतील कफ काढला. डोळ्यांना मलम लावले. तोंड स्वच्छ केले. पहाटे 5 वाजता अंग पुसले, वेणी घातली. कर्ता कोठेही नाही, विशेषण एकही नाही. खाली फक्त सही. वेणी वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक नसते. भेटीला गेल्यावर ती मी रोज पाहत होते, आणि कोणी घातली असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी ते पान दादापुढे ठेवले. त्याने ते वाचले, पत्रावर सही केली. मात्र आपले म्हणणे मागे घेतले नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही.

पत्र मराठीत लिहिले. तिला हिंदीमुळे देवनागरी वाचता येत होती, आणि आईशी ती मराठीतच बोलली होती. “आईचा जन्म पारोसे न राहण्यात गेला, तुम्ही तिला एक दिवसही पारोसे राहू दिले नाही,” असे एक वाक्य त्यात होते. आठवड्याने तिचा दूरध्वनी आला. बाकी सारे समजले, मॅडम, पण हा ‘पारोसे’ म्हणजे काय? हिंदीत मला नेमका शब्द सापडेना. आंघोळ, पूजा, चूल, आईची पहाट, असे करीत तो अर्थ सांगावयास मला बराच वेळ लागला. आणि पाळीवर जाण्याची वेळ झालेली असूनही तिने तो ऐकून घेतला.