टार्गेट नॉट डिटेक्टेड

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. माझ्या मराठीला एटीकेटी देऊन पास करावं ही विनंती. पण हे इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर वहिनीला वाचता आलं नसतं, आणि तिने ‘छाप’ म्हटल्यावरच मी हा लेख दिलाय. (नाती थोडी बदलली आहेत. ओळखायचा प्रयत्न करू नका, प्लीज.)

गेल्या दिवाळीत सबमिशन उरकून दादाकडे गेले. दादाला एच.आय.व्ही. आहे, वहिनीला नाही, हे त्याने मला महिनाभर आधी फोनवर सांगितलं होतं. वहिनीने पाणी आणलं. मी म्हटलं, “तहान नाही.” तीन तास एसटीत उकडून आल्यावर! ती काही बोलली नाही. तो ग्लास उचलून स्वतःच प्यायली.

पाण्याने, ताटाने, मिठी मारल्याने हा विषाणू पसरत नाही हे मला पाठ होतं. शाळेत तो धडा टीचरने ‘घरी वाचा’ म्हणून उडवला होता आणि मी तो खरंच घरी वाचला होता. तरी हात पुढे झाला नाही. अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी रेशनकार्डाच्या पिशवीतून एक कागद घेऊन आली. “तुझं इंग्लिश चांगलं. हे वाच ना.” दादाचा व्हायरल लोडचा रिपोर्ट होता. टार्गेट नॉट डिटेक्टेड. तिला वाटत होतं, मशीन बिघडलं असावं. नाहीतर दादा बरा झाला असेल. “मॅडमनी समजावलं होतं गं, पण ते दोघांना बसवून सांगतात, मग मला विचारायचं सुचत नाही.” मग हळूच म्हणाली, “आम्हाला मूल हवंय. तू गणितवाली. मला लागण व्हायचा धोका किती, आकड्यात सांग.”

झालं, माझी व्हायवाच सुरू!

रात्री जागून वाचलं. उपचार नसताना, कंडोम नसताना पुरुषाकडून स्त्रीला धोका एका संबंधामागे साधारण दहा हजारात आठ. मला वाटलं, एवढाच? मग एम-थ्रीची प्रोबॅबिलिटी आठवली. हजार वेळांचा हिशोब केला तर उत्तर आलं ५५ टक्के. पोटात गोळा आला. शिवाय माझं गणित कच्चं होतं, कारण यातला ‘पी’ स्थिर नसतोच. तो रक्तातल्या विषाणूंच्या संख्येवर ठरतो. लागण नवी असताना तो खूप वर जातो, आणि औषधाने खाली येतो.

किती खाली? नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं पुणेही होतं. २०११मध्ये आकडे आले. जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी लवकर औषध सुरू केलेल्यांच्या गटात फक्त एक. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासात, २०१६मध्ये, ८८८ जोडप्यांचा हिशोब आला. विषाणू दबलेला, कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागण शून्य. अकरा जणांना लागण झाली होती, पण त्यांचा विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळेना, म्हणजे तो बाहेरून आलेला. (असाइनमेंट कोणाची छापली हे सर चुकांवरून ओळखतात ना, तसंच.) २०१९मध्ये पुरुष जोडप्यांचा आणखी मोठा हिशोब आला. पुन्हा शून्य.

सकाळी वहिनीला सांगितलं. मशीन ठीक आहे. दादा बरा झालेला नाही, विषाणू शरीरात लपून आहे आणि गोळ्या थांबल्या तर परत येईल. पण गोळी रोज चालू आणि रिपोर्ट असाच राहिला, तर त्याच्याकडून तुला संबंधातून लागण होत नाही. मुलाचं मात्र ए.आर.टी. सेंटरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

“म्हणजे शून्य?”

“शून्य.”

तिने कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. “दोन वर्षं तो हॉलमध्ये झोपतो गं,” ती म्हणाली. “मला काही व्हायला नको म्हणून. सासूबाईंना वाटतं आमचं भांडण आहे.”

यावर कॉन्व्हेंटमध्ये काय बोलायचं ते शिकवत नाहीत. मी गप्प बसले.

रात्री नऊला दादाच्या मोबाईलचा अलार्म वाजला. त्याने गोळी घेतली, अर्धा ग्लास पाणी प्यायला आणि ग्लास टेबलावर ठेवला. उरलेलं मी प्यायले. वहिनीने पाहिलं आणि म्हणाली, “आज तहान लागली वाटतं!”