गुळाच्या मेसेजमधले शब्द

आज पिकावर नाही, मेसेजवर लिहितोय. गुऱ्हाळं सुरू झालीत. आपल्यातले बरेच जण यंदा थोडा तरी गूळ थेट गिऱ्हाईकाला द्यायचा म्हणतायत. चार जणांनी मला फोन केला, "तुमचा मेसेज पाठवा, नाव बदलून टाकतो." मेसेज देतो, पण तो कसा तयार झाला ते आधी ऐका.

तीन वर्षांमागं मी पहिल्यांदा अर्धा गूळ मार्केट यार्डात न घालता घरी ठेवला. यार्डात आपल्याला बोलावं लागत नाही. व्यापारी रवा फोडतो, कणी बघतो, रंग बघतो, चिमूट तोंडात टाकतो आणि दर काढतो. सगळं काम गुळानंच करायचं. फोनवर मात्र गिऱ्हाईकाच्या हातात गूळ नसतो, नुसते शब्द असतात. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मेसेज पुतण्यानं लिहिला. पोरगं कॉलेजात शिकतंय, त्याला यातलं कळतं असं घरात सगळ्यांचं मत. त्यानं लिहिलं: "१००% शुद्ध सेंद्रिय केमिकल फ्री औषधी गूळ! शुगर असणाऱ्यांनाही चालतो! मर्यादित स्टॉक, आजच बुक करा!" मधे फुलं, हात जोडलेले, ऊस, काय काय चित्रं. मी वाचला आणि "झ्याक" म्हणलं. खोटं काय सांगू, मलाच तो गूळ विकत घ्यावा वाटला.

पहिल्या आठवड्यात बऱ्यापैकी मागणी आली. मग पुण्यातनं एका ताईंचा फोन आला. "काका, गूळ छान आहे. फक्त एक विचारायचं होतं. सासूबाईंना शुगर आहे. तुमचा मेसेज वाचल्यापासनं त्या रोज जेवणानंतर दोन खडे खातात. आता तपासणीत शुगर बरीच वाढलेली आली. तुमचा गूळ खरंच चालतो ना?"

मी फोन धरून उभा. काय सांगणार? गुळातही मोठा भाग साखरेचाच, हे आपण रस आटवणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. लोह असंल, खनिजं असतील, पण शुगरवाल्याला तो औषध नाही. म्हणलं, "ताई, ते चुकीचं लिहिलंय. त्यांचा गूळ आजपासनं बंद करा आणि डॉक्टरांना विचारा. चूक माझी हाय." ताई काही बोलल्या नाहीत, फक्त "बरं" म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मी ज्यांना ज्यांना गूळ दिला होता त्या ६२ जणांना दुसरा मेसेज केला, की ते वाक्य चुकीचं होतं, शुगरवाल्यांनी खाऊ नका. पुतण्या म्हणाला, "तात्या, कशाला? कोण वाचतंय?" म्हणलं, त्या म्हाताऱ्या बाईनं वाचलं की.

नंतर कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांनी सांगितलं, की खाण्याच्या मालाची फसवी जाहिरात केली तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. आणि मोबाईलवरचा मेसेजही जाहिरातच. हे आपल्या लोकांना माहीत नसतं.

मग मी सगळा मेसेज चाळणीतनं काढला. "सेंद्रिय" शब्दावर आलो आणि थांबलो. माझ्या उसाला युरिया होता. शेणखत भरपूर, पाचट कुट्टी करून कुजवलेलं, पण युरिया होता. लहान शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाईकाला विकलं तर सेंद्रियच्या दाखल्याची सक्ती नाही, असं साहेब म्हणाले. पण सूट दाखल्याची आहे, युरिया लपवायची नाही. शब्द काढला. सून म्हणाली, "आबा, सेंद्रिय काढलं तर निम्मी गिऱ्हाईकं जातील." गेली. निम्मी नाही, पण तिसरा हिस्सा गेली. तेवढं सोसावं लागलं, त्याचं दुःख झालं हेही लिहितो.

"केमिकल फ्री" वर साहेब हसले. म्हणाले, "रसात चुन्याची निवळी टाकता ना? चुना काय मग?" बरोबर हाय. मग त्या जागी जे करतो तेच लिहिलं: हायड्रॉस टाकलेला नाही, चुन्याची निवळी टाकली आहे, मळी रानभेंडीच्या पाण्यानं काढली आहे. आणि आश्चर्य बघा. "शुद्ध" शब्दावर मला कधी कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. भेंडीवर फोनवर फोन. "भेंडी म्हणजे भाजीची?" "गुळाला बुळबुळीत नाही का होत?" मी सांगायचो, खोड ठेचून पाण्यात चोळलं की चिकट पाणी निघतं, ते उकळत्या रसात टाकलं की घाण वर फेसात येते, ती झाऱ्यानं काढायची. बोलता बोलता माणूस २ किलो मागवायचा.

"मर्यादित स्टॉक" पण काढलं. गावातलाच एक गिऱ्हाईक दारात आला, सोप्यात ४० खोकी रचलेली बघून म्हणाला, "मर्यादित म्हणजे एवढा व्हय?" त्याजागी आदणाची तारीख लिहितो. ते संपलं की खरंच संपतं.

पहिली ओळ मात्र नीट लिहा. फोनच्या पडद्यावर तेवढीच दिसते. पूर्वी आमची पहिली ओळ "नमस्कार, आपणास कळविण्यास अत्यंत आनंद होतो की" अशी होती. आनंद होतोय हे दिसायचं, कशाचा ते दिसत नव्हतं. मागल्या वर्षी एका दुकानानं ई-मेल पाठवा म्हणलं, तर पुतण्या विषयाच्या जागी "सुवर्णसंधी" टाकत होता. मी "नवा गूळ, १ किलोच्या ढेपा, ३ जानेवारीचं आदण" असं टाकायला लावलं. दुपारी उत्तर आलं, दर विचारला.

आणि मालाचा दोष आधी सांगा. आमचा गूळ काळपट असतो, पावसाळ्यात पाणी सोडतो. हे न सांगता दिला की गिऱ्हाईक म्हणतं खराब दिला. आधी सांगितलं की तेच गिऱ्हाईक शेजारणीला समजावून सांगतं, बिनहायड्रॉसचा असाच असतो म्हणून.

त्या पुण्याच्या ताईंनी मागल्या वर्षी परत २ किलो घेतला. मेसेजमध्ये लिहिलं होतं, "मुलांसाठी. सासूबाईंचा डबा वर ठेवलाय."

यंदाचा मेसेज असा आहे:

"नवा गूळ तयार, १८ नोव्हेंबरचं आदण. ऊस आमच्या रानातला, जात को ८६०३२. शेणखत आणि थोडा युरिया वापरला आहे. रसात चुन्याची निवळी आणि रानभेंडी, हायड्रॉस नाही. रंग काळपट आहे. हवाबंद डब्यात ठेवा. शुगर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. १ किलो आणि ५ किलो. दर फोनवर सांगतो."

ज्यांना पाहिजे त्यांनी घ्या, पण जात, तारीख आणि युरियाची ओळ तुमची तुम्ही भरा. दर मेसेजमध्ये का लिहीत नाही असं दोघांनी विचारलंय. कुरिअरचा खर्च गावागणिक बदलतो म्हणून. त्याचा हिशोब पुढच्या वेळी टाकतो, सध्या तोडणी चालू हाय.