कळकलेले तांबे

महामार्गावर स्टार्टरला कोणी स्टार्टर म्हणत नाही. त्याचे चलनी नाव 'सेल्फ'. सेल्फ उचलत नाही, सेल्फ नुसता फिरतो, सेल्फ खाली उतरवावा लागेल, ही भाषा कोणत्याही नाक्यावर समजते. चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत १९१२ साली आला आणि हँडल मारताना मनगटे मोडण्याचे दिवस सरू लागले. त्या 'सेल्फ-स्टार्टर'मधला उत्तरार्ध आपल्याकडे गळून पडला आणि केवळ 'स्व' तेवढा शिल्लक राहिला. वास्तविक ट्रकच्या अंगी याच्याइतका परावलंबी अवयव दुसरा नसेल. बॅटरीपासून येणारी अंगठ्याएवढी जाड केबल, चावीकडून येणारी एक बारीक तार आणि चासीला घट्ट जोडलेले अर्थिंग, या तिघांपैकी एकाने मान फिरवली की या 'स्व'चे काही चालत नाही.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन जुने रस्ते एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांचे क्रमांक ३ आणि ६ होते. तिथल्या एका वायरिंग मिस्त्रीच्या टपरीपुढे पिंपळगावचा कांदा भरलेला ट्रक येऊन थांबतो, पण त्याचे इंजिन थांबत नाही. आदल्या संध्याकाळपासून ड्रायव्हरने ते बंदच केलेले नाही. जेवताना, डुलकी घेताना, चहा पिताना ते घुरघुरत राहिले आहे आणि डिझेल जळत राहिले आहे. पुढे शिरपूर ओलांडले की सेंधव्याचा घाट. घाटात इंजिन बंद पडले तर हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होते आणि मागून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते.

"बंद करा भाऊ," मिस्त्री म्हणतो.

"बंद केली तर इथेच राहील, मिस्त्री."

"इथे राहिली तर मी आहे. घाटात कोण आहे?"

चावी फिरते. अचानक पसरलेली शांतता ड्रायव्हरला सोसवत नाही.

मिस्त्री लगेच पाना घेत नाही, आधी मीटर घेतो. दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून झालेले चोवीस व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतात की वाटेतच जिरतात, हे त्याला पाहायचे असते. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ५०० अँपिअरच्या वाटेत ओहमच्या एक हजारांश भागाएवढा अडथळा आला, तरी अर्धा व्होल्ट हरवतो आणि अडीचशे वॉटची उष्णता त्या सांध्यात कोंडते. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. थोडा हिरवट थर, एवढेच. सांधा घासून जे काम झाले असते, त्यासाठी कितीतरी धडधाकट सेल्फ आजवर उतरवले गेले असतील. येथे मात्र सांध्याचा दोष थोडा आणि सेल्फचा पुष्कळ आहे. त्याचे कार्बन ब्रश झिजून संपले आहेत. म्हणजे उतरवणे आले.

प्रथम बॅटरीचे अर्थिंग सुटते. हा क्रम चुकला आणि पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना चासीला टेकला, तर क्षणात पान्याची लाल सळई होते. मग चिखल-ऑइलच्या लेपात लडबडलेल्या सेल्फकडे, नजर पोचत नाही अशा जागी, हात जातो. ३० हा आकडा कोरलेल्या टर्मिनलवर जाड केबलचे थिंबल असते आणि त्यावरचा नट जागचा हलत नाही.

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिले की ते कळकते, हे मराठी घरांना सांगावे लागत नाही. येथेही तेच घडलेले असते. थिंबलच्या तांब्यावरची कथलाची कल्हई झिजली, तिथे ओल आणि रस्त्यावरची घाण पोचली, आणि तांबे कळकले. घरात कल्हईवाला बोलावता येतो. ट्रकखाली तशी सोय नाही.

"हातोडा मारा ना," ड्रायव्हर वाकून म्हणतो. ताडपत्रीखाली कांदा तापत असतो आणि भाड्याचा हिशेब तासांवर असतो.

मिस्त्री ऐकतो, पण करत नाही. हा नट ज्या तांब्याच्या दांड्यावर बसला आहे, तो सोलेनॉइडच्या बेकलाइटच्या झाकणातून आरपार गेलेला असतो. वरच्या नटाला जोर दिला आणि दांडाच फिरला, तर झाकण तडकते आणि आतला संपर्क मोडतो. जुना सेल्फ बदलीला देऊनच दुरुस्त केलेला दुसरा मिळायचा आहे. फुटक्या सोलेनॉइडचे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जातील. म्हणून खालचा नट एका पान्याने धरायचा आणि वरचा दुसऱ्याने फिरवायचा. त्याआधी गंज सोडवणारे तेल टाकून थांबायचे. हे थांबणे कामाचाच भाग आहे, हे उभ्या माणसाला पटवणे सर्वांत अवघड. वीस मिनिटांनी मिस्त्री नट प्रथम किंचित आवळतो. धरलेला थर तुटल्याचा बारीक आवाज येतो. मग तो उलटा फिरतो.

राहिली ५० क्रमांकाची बारीक तार. जुन्या गाड्यांत ती सरळ ओढून निघे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहाच्या पिढीतल्या या गाडीत कुलपाची जीभ असलेला प्लास्टिकचा कपलर आहे. उष्णतेने ठिसूळ झालेला, मातीने बुजलेला. टपरीवरचा पोऱ्या तार धरून हिसका देऊ पाहतो.

"तार नाही रे, मान धर त्याची. आधी आत ढकल."

आत ढकलल्यावर जिभेवरचा ताण जातो, फटीतली माती ब्रशने निघते, जीभ दबते आणि कपलर अलगद हातात येतो. बळाने ओढला असता तर आतली पिन तुटली असती आणि नवा सेल्फ बसवूनही गाडी गप्प राहिली असती.

दुसरा सेल्फ चढवताना मिस्त्री थिंबल घासकागदाने गुलाबी होईपर्यंत घासतो. तांब्याला तांबे थेट भिडवतो. वायसर वरून येतो, मध्ये नाही. आवळून झाल्यावर व्हॅसलीनचा लेप. अर्थिंग सर्वांत शेवटी.

चावी फिरताच इंजिन पकडते. ड्रायव्हर ते बंद करतो, पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद करतो. मग चावी खिशात टाकून समोरच्या ढाब्यावर, आदल्या संध्याकाळनंतर प्रथमच गाडीकडे पाठ करून, जेवायला बसतो.