विटकरी रंग

फराळाच्या ताटाशेजारी आमच्या सूनबाई हल्ली ते चिमुकले यंत्रही मांडून ठेवतात. बोट टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की पाच सेकंदांत आकडा! पट्टीवर बुरशीपासून काढलेले एक विकर असते, ग्लुकोज ऑक्सिडेज. ते साखरेकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. साखर जितकी जास्त, तितका विजेचा प्रवाह मोठा. विकर आणि विद्युदग्र यांचा हा संसार क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडला. १९६४ साली तर याच विकरावर वीजघट चालवून पाहिला गेला. मग माझ्या अंगातल्या साखरेवर दारचा आकाशकंदील का लागू नये? पण असल्या घटाची वीज फारच थोडी!

आमच्या अण्णांनाही हेच दुखणे होते. दिवाळीच्या सकाळी आई बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात त्यांच्या लघवीचे थेंब घालून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरी. रंग विटकरी झाला, की अण्णा मुकाट्याने आपल्या करंज्या माझ्याकडे सरकवीत. तो रंग विटकरीच व्हावा, म्हणून मी देवाला हात जोडीत असे. हे मी आईला कधी सांगितले नाही.

आज आकडा २३८ आला. नातू केव्हाचा माझ्या ताटाकडे टक लावून बसला होता.